शेवटचा शब्द माझा होता

"नीली साड़ी, चश्मे वाली माताजी. खड़ी हो जाइए."

निळ्या साडीत आम्ही सगळ्याच होतो. शाळेची साडी ती. रांगेत चष्मे तिघींना. मी बाजूच्या मॅडमकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात एक सेवादार आला अन् त्यानं माईक माझ्या तोंडासमोर धरला. मंग समजलं. मीच.

रिसालीतलं मैदान. मोठा पंडाल. सात दिवसांची कथा अन् चौथ्या दिवशी महाराजांचा दरबार. दरबार म्हणजे महाराज गर्दीतून कोणाला तरी उठवणार, त्यानं तोंड उघडायच्या आधीच त्याचं दुःख कागदावर लिहिणार अन् वाचून दाखवणार. आमच्या शाळेनं त्या दिवशी सुट्टी दिली नव्हती. अख्खी शाळाच उचलून पंडालात आणली होती. हजेरी तिथंच झाली. पोरं सतरंजीवर, आम्ही मास्तरणी खुर्च्यांवर, पुढं सोफ्यावर आमच्या भागातले नेताजी अन् त्यांच्या बाजूला आमचे डायरेक्टर सर.

महाराज तरुण होते. हसले. म्हणाले, "कुछ बताना मत, माताजी. हम बताएँगे."

कागदावर पेन फिरला. मंग कागद वर धरला.

"पति नहीं हैं."

"जी."

"पीलिया हुआ था."

मी मान हलवली. मागून आवाज उठला, जय हो.

"माँ ने कहा, गाँव ले चलो, उतरवा दो. माँ ने गले में माला भी पहनाई. तुमने माला तुड़वा दी. अस्पताल ले गई. क्यों? क्योंकि तुम विज्ञान पढ़ाती हो."

लोक हसले.

"ज़्यादा पढ़ी-लिखी औरत अपने आदमी को खा जाती है, माताजी."

आणखी हसले. सोफ्यावरचे नेताजी हसले. सतरंजीवर माझी सातवी बसली होती. तीही हसली, कारण सगळेच हसत होते. पोरं तशीच हसतात.

"वो गया नहीं है. भटक रहा है. जाते-जाते एक ही शब्द बोला था उसने. बोलूँ?" महाराज थांबले. "माय."

मागच्या बायकांच्या गर्दीतून एक किंकाळी आली. माझी सासू. आत्याबाई.

तिला दोन जणींनी धरून पुढं आणलं. महाराज म्हणाले, "पैर पकड़ो इनके. नाक रगड़ो. माफी माँगो."

मी पाय धरले. नाक घासलं. त्या हिरव्या कार्पेटला रबराचा अन् चपलांचा वास होता. कोणीतरी अगदी जवळून मोबाईलवर शूटिंग करत होतं. मले त्याचे बूट दिसत होते. पांढरे, नवे.

सत्तेचाळीस वर्षांची बाई. एमएस्सी. एकोणीस वर्षं पोरांना शिकवलं की कारण आधी येते अन् परिणाम नंतर. ती बाई नाक घासून राहिली होती.

अन् तिथंच, नाक खाली असतानाच, मले ते लक्षात आलं.

'माय' हा शब्द माझ्या नवऱ्यानं उच्चारलाच नव्हता. तो मी बनवला होता.

मी आमच्या घरच्या मराठीत लिहून राहिली, तेवढं समजून घ्या. शाळेत मी मराठी कधी शिकली नाही. माझे बाबा भंडाऱ्याकडचे. पोलादाच्या कारखान्यात लागले म्हणून इकडं दुर्गजवळ आले, मरोद्याच्या क्वार्टरमध्ये आमचं सगळं झालं. बाहेर हिंदी, शेजारी छत्तीसगढी, घरात ही. दोरीवरचे कपडे काढताना कारखान्याची लाल धूळ झटकायची अन् बोलायचं ते याच बोलीत.

बाबा देव मानत नव्हते. कोणाशी भांडतही नव्हते. ड्यूटीवरून आले की पेपर मोठ्यानं वाचायचे. एखादी बातमी वाचून झाली की आम्हा बहिणींना विचारायचे, "हे याले कोणी सांगतलं असन?" पुढारी म्हणतो जनता खूश आहे. हे याले कोणी सांगतलं? अमुक गावात मूर्तीच्या डोळ्यातून पाणी आलं. हे पेपरवाल्याले कोणी सांगतलं? आम्हाला त्याचा कंटाळा यायचा. आई म्हणायची, पोरींची लग्नं व्हायची आहेत, हे काय शिकवून राहिले. बाबा पुढची बातमी वाचायचे.

लग्न झालं. नवरा रेल्वेत. माणूस भला. घरात देव होते, आत्याबाईंचे. माझं त्यांच्याशी काही वाकडं नव्हतं. मी दिवा लावत नव्हती, लावणारीचा हात धरत नव्हती. आत्याबाई मले म्हणायच्या, "तुह्या वाटचा नमस्कार मीच करून देतो." असं आमचं चाललं होतं.

मंग, त्या दरबाराच्या सात वर्षं आधी, ह्यांना कावीळ झाली.

आत्याबाईंनी गोंदियाकडून माळ आणवली. झाडपाल्याची असते, गळ्यात घालायची. माळ लांब होत जाते तशी कावीळ उतरते म्हणतात. मी म्हटलं, दवाखान्यात दाखवू. आत्याबाई म्हणाल्या, "आधी माळ. ह्याच्या बापाचीबी उतरली होती." हे माझ्याकडे पाहून हसले, डोळे पिवळे. म्हणाले, "राहू दे ना. म्हातारीचं मन." मी गप्प बसली. घरात वाद नको म्हणून गप्प बसली. आठ दिवस गेले. नवव्या दिवशी ह्यांना मी कोण हे ओळखू येईना. तेव्हा मी माळ तोडली अन् गाडी बोलावली. डॉक्टर म्हणाले, लिव्हर गेलं, उशीर केला तुम्ही.

चार दिवस आयसीयूत होते. तोंडात नळी. एक शब्द नाही. नळी असली की बोलता येत नाही, ते कोणालाही माहीत असते. पण आत्याबाई आत कधी आल्याच नाहीत. त्यांना पाहवत नव्हतं. बाहेर बाकावर बसून राहायच्या. पाचव्या सकाळी मी बाहेर आली तेव्हा त्यांना सगळं माझ्या चेहऱ्यावरच दिसलं. त्यांनी एवढंच विचारलं, "काही बोलला का?"

मी म्हटलं, "माय म्हणाले."

एवढंच. दोन शब्द. त्या बाईला धरायला काहीतरी द्यायचं होतं. माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं.

हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. बहिणीलाही नाही. मंग महाराजाला कोणी सांगितलं? भटकणाऱ्या आत्म्यानं सांगितलं असतं तर त्याला माहीत असतं, की आपण असं काही बोललोच नाही. देवानं सांगितलं असतं तर देव खोटं बोलला. माझं खोटं जिला माहीत होतं, अन् खरं म्हणून माहीत होतं, अशी जगात एकच बाई होती. अन् तिचेच पाय मी धरून बसली होती.

हे सगळं मले कार्पेटवर समजलं. समजूनही मी उठली नाही. हे मी लपवणार नाही. मी भ्याली. हजारो लोक, माईक, नेताजी, डायरेक्टर. मी नाक घासलं, महाराजांना हात जोडले अन् खुर्चीवर येऊन बसली. बाजूच्या मॅडमनं माझ्या साडीची धूळ झटकली अन् कानात म्हणाली, "आप बच गईं."

घरी आत्याबाईंनी वेगळी चूल मांडली नाही, पण माझ्या हातचं घेणं बंद केलं. स्वतःपुरता भात टाकायच्या. माझ्याशी बोलणं बंद. तिसऱ्या दिवशी माझी मुलगी रिया, आठवीतली, तीही त्याच शाळेत, मले म्हणाली, "मम्मी, पापा सच में भटक रहे हैं? मेरी वजह से तो नहीं ना? मैं भी तो हॉस्पिटल बोली थी."

तेरा वर्षांची पोर, तेव्हा सहाची होती. एवढ्या दिवसांत मी स्वतःसाठी रडली नव्हती. तेव्हा बाथरूममध्ये नळ सोडला अन् रडली. नळाला पाणी नव्हतं. बादलीवर मग्गा आपटून आवाज केला.

नळाला पाणी नव्हतं, हे आठवडाभरापासून. आमच्या गल्लीत बायका डबे घेऊन फिरत होत्या. पंडालात मात्र टँकर उभे. धूळ उडू नये म्हणून मैदानावर सकाळ-संध्याकाळ पाणी मारत होते. मोबाईलवर चालणारं एक लोकल न्यूज चॅनल आहे, आमच्या भागात सगळे तेच पाहतात. मी ते लावलं. पाण्याची बातमी नाही. पहिली बातमी मीच. "घमंडी टीचर का घमंड चूर." वाकलेल्या माझ्याभोवती लाल गोल काढला होता. दुसरी बातमी नेताजींचं भाषण. ते म्हणत होते, "मैं आपका दुख जानता हूँ. मुझे बताने की ज़रूरत नहीं."

मी मोबाईल हातात धरून तशीच बसली. हे याले कोणी सांगतलं असन?

मी आत्याबाईंजवळ गेली. त्या तांदूळ निवडत होत्या.

"आत्याबाई, कथेच्या आधी आपल्या घरी कोणी आलं होतं का? मी शाळेत असतांना?"

त्यांनी ताट स्वतःकडे ओढलं.

"रागावा, पण सांगा."

"आली होती एक सेवादारीण," त्या ताटातच पाहत म्हणाल्या. "निमंत्रण द्याले. तीन दिवस आली दुपारची. चांगली बाई. माह्यासंगं रडली."

"वही होती तिच्याजवळ?"

"होती. मोबाईलबी होता. महाराजाजवळ अर्जी टाकतो म्हणे तुमची. कावून?"

"तुम्ही तिले सांगतलं का, हे जातांना काय बोलले ते?"

आत्याबाईंनी पहिल्यांदा वर पाहिलं. "सांगतलं. कावून नाही सांगू? माह्या लेकाचा शेवटचा शब्द हाय तो."

मी तिथून उठून गेली. पुढचं बोलायची हिंमत झाली नाही.

पण त्या दिवसापासून माझं डोकं वेगळं चालायला लागलं. मी राजकारणातली बाई नाही. कोणत्या पक्षाची नाही. पण मले दिसायला लागलं की सगळीकडे हीच रीत आहे. आधी दारावर माणूस पाठवायचा. वही घेऊन, गोड बोलून. घरात कोण गेलं, कोण आजारी, पोरगा बेकार आहे का, पोरगी कोणासोबत फिरते का, जात कोणती, राग कोणावर. मंग मंचावर चढायचं अन् आमचंच दुःख आमालेच वाचून दाखवायचं. आम्ही म्हणायचं, अरे, याला कसं कळलं! हा तर अंतर्यामी! अन् मंग त्या दुःखाचा दोष कोणावर टाकायचा ते त्यानं ठरवायचं. महाराजानं सुनेवर टाकला. नेताजी दुसऱ्या वस्तीवर टाकतात, दुसऱ्या धर्मावर टाकतात. पाणी कावून नाही, हे कोणी विचारत नाही, कारण आपण तर भटकणाऱ्या आत्म्याच्या काळजीत असतो. चॅनलवाला मध्ये माईक धरून उभा. तो फक्त लाल गोल काढतो.

यात भक्तांचा दोष नाही. आत्याबाईंचा नाही. ज्या बाईचं पोरगं गेलं, ती आपलं दुःख कोणालाही सांगल. चोर तो, जो ते ऐकून रडतो अन् वहीत लिहून घेतो.

शुक्रवारी डायरेक्टर सरांनी केबिनमध्ये बोलावलं. खूप खूश होते. म्हणाले, सोमवारी प्रार्थनेच्या वेळी तुम्हाला बोलायचं आहे. नेताजी येणार, चॅनल येणार. "बस दो मिनट. बच्चों को अपना अनुभव बता दीजिए."

मी म्हटलं, "सर, मैं साइंस पढ़ाती हूँ."

"तो? साइंस किसने बनाया?" ते हसले. मंग हसू कमी करून म्हणाले, "रिया भी तो यहीं है ना. अच्छी बच्ची है."

अनुभव सांगा म्हणाले. ठीक आहे. पण जे मी माईकवरून सांगणार होती, ते आत्याबाईंनी माईकवरून ऐकायला नको होतं. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी त्यांच्यासमोर बसली.

"आत्याबाई, ते 'माय' म्हणाले नव्हते."

त्यांना समजलं नाही.

"तोंडात नळी होती. चारही दिवस. ते काहीच बोलले नाहीत. मी तुम्हाले खोटं सांगतलं."

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. बाहेर भंगारवाला ओरडत गेला.

"काहीच नाही बोलला?"

"नाही."

"मंग तू खोटं कावून सांगतलं?"

"तुम्ही एकट्या बसल्या होत्या बाकावर. मले पाहवलं नाही."

"अन् आता कावून खरं सांगून राहिली? आता पाहवते तुले?"

मी जे होतं ते सांगितलं. "माह्या खोट्यावर त्यानं दुकान मांडलं, आत्याबाई. माह्या पोरीले वाटते तिचा बाप तिच्यापायी भटकते. आता मी गप्प राहिली तर ते खोटं माहंच राहीन."

"मंग तो भटकत नाही?"

"नाही."

"मंग कुठं हाय?"

मी सांगू शकली असती, देवाजवळ आहेत. एवढं म्हणायला काय लागत होतं? पण एकदा असंच म्हटलं होतं, अन् त्याचं काय झालं ते मी पाहिलं होतं.

"कुठंच नाही, आत्याबाई."

त्यांनी मले मारलं नाही. शिव्या दिल्या नाहीत. उठल्या, आपली पिशवी भरली. नणंद गोंदियाला असते. रियाला म्हणाल्या, "मले दुर्ग स्टेशनले सोडून दे वं." मी ऑटो बोलावला. ऑटोत बसताना त्यांनी माझ्या हाताचा आधार घेतला नाही. पदर सावरला अन् दुसरीकडे पाहिलं.

सोमवारी मी निळी साडी नेसली नाही. माझी रोजची नेसली.

मैदानात पोरं उभी. मंचावर नेताजी अन् डायरेक्टर सर. चॅनलचा मोठा रिपोर्टर स्वतः कॅमेरा घेऊन आला होता. डायरेक्टर सरांनी माझी ओळख करून दिली. मी माईक घेतला अन् पोरांशी वर्गात बोलते तसंच बोलली.

"बच्चों, मुझे कहा गया है कि मेरे साथ क्या हुआ वो बताऊँ. तो सुनो. महाराज जी ने जो आखिरी शब्द बताया, वो मेरे पति ने बोला ही नहीं था. वो झूठ मैंने अपनी सास से बोला था. सास ने वो एक सेविका को बताया. सेविका ने कॉपी में लिखा. महाराज जी ने वही पढ़ा. मेरा झूठ. मेरे ही सामने."

मले वाटलं होतं माझा आवाज कापेल. नाही कापला.

डायरेक्टर सरांनी कोणाला तरी खूण केली. माईक बंद झाला. एकोणीस वर्षं पन्नास पोरांच्या वर्गात शिकवलेल्या बाईला माईक लागत नाही. मी पुढं बोलली. "अगर कोई तुमको तुम्हारे घर की बात बताए, तो पैर मत पड़ना. पूछना, आपको किसने बताया? मंच पर कोई भी हो. पूछना."

नेताजी उठून उभे राहिले. "ये क्या तमाशा है?" रिपोर्टर कॅमेरा माझ्यावरून त्यांच्यावर, त्यांच्यावरून माझ्यावर फिरवत होता. मंग सातवीच्या रांगेतून एका पोरीनं हात वर केला. वर्गात करतात तसा. तिला काय विचारायचं होतं ते मले कळलंच नाही. रांगेजवळच्या मॅडमनं तिचा हात धरून खाली केला.

मले खाली उतरवलं. व्हरांड्यात आमच्या शाळेची आया, सुकवारो बाई, झाडू घेऊन उभी होती. तिनं इकडंतिकडं पाहिलं अन् हळूच म्हणाली, "बने कहेस, मैडम." चांगलं बोललीस. अन् झाडायला लागली.

पुढचं सगळं तुम्हाला अंदाजानं माहीत असेल. राजीनामा द्या म्हणाले. मी म्हटलं, तुम्ही काढा, लेखी काढा. लेखी काढलं. कारण लिहिलं, "अनुशासनहीनता." रियाचा दाखला हातात दिला. ती आता सरकारी शाळेत जाते. पहिले दोन आठवडे रडली. मंग एक दिवस म्हणाली, "यहाँ मैम को भी नल का पानी भरना पड़ता है." त्यानंतर रडली नाही.

चॅनलनं बातमी चालवली, "टीचर ने किया संत का अपमान." फोटो तोच, वाकलेला. मंचावरचा उभा फोटो त्यांच्याजवळ होता. तो नाही लावला.

पोलीस ठाण्यात तक्रार झाली. भावना दुखावल्या. ज्यानं तक्रार दिली त्याला मी ओळखत नाही, तो त्या दिवशी शाळेत नव्हता. हे त्याला कोणी सांगितलं, ते मी तिथल्या साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, "मैडम, आप यहाँ भी शुरू हो गईं." वाईट माणूस नव्हते ते. पाणी पाजलं. म्हणाले, माफी लिहून द्या, मी इथंच संपवतो. मी कागद मागितला. जे घडलं ते पहिल्यापासून लिहिलं. तीन दुपारी, वही, माळ, नळी, माझं खोटं. माफी फक्त एका माणसाची मागितली, माझ्या सासूची. साहेबांनी वाचलं अन् म्हणाले, "ये तो माफीनामा नहीं है." मी म्हटलं, "नहीं है."

केस दुर्गच्या कोर्टात गेली.

पावसाळ्यात एका दुपारी गोंदियाहून फोन आला. नणंद असेल म्हणून मी उचलला. पलीकडे आत्याबाई. पाच महिन्यांनी पहिल्यांदा आवाज ऐकला. कशी आहेस, रिया कशी आहे, काही नाही.

"एक विचारतो. खरं सांगजो."

"विचारा."

"त्या माळेपायी उशीर झाला का?"

माझ्या हातात उकडलेला बटाटा होता, सोलत होती. तो तसाच राहिला. हा प्रश्न मी सात वर्षं पोटात ठेवला होता. डॉक्टरनं जे सांगितलं ते मी त्या बाईला कधी सांगितलं नव्हतं. सांगणारही नव्हती. पंडालात हजारो लोकांसमोर तिच्या नावानं मले आदमी खाणारी म्हटलं, तेव्हाही मी हे बोलली नव्हती. आता ती स्वतः विचारत होती. अन् मलेच विचारत होती. महाराजाला नाही, सेवादारणीला नाही.

"हो, आत्याबाई. आठ दिवस गेले त्यात." मंग मी बटाटा ताटात ठेवला. "पण मीबी घरातच होती. मले माहीत होतं. मी त्याच दिवशी माळ तोडाले पायजे होती. घरात वाद नको म्हणून मी गप्प बसली. ते तुमच्या एकटीवर नाही. माह्यावरबी हाय."

मले त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"बरं," त्या म्हणाल्या. अन् फोन ठेवला.

त्या परत आल्या नाहीत. कदाचित येणार नाहीत. तो फोन चांगला झाला की वाईट, हे मले सांगता येत नाही. एवढं माहीत आहे की त्या दिवशी आमच्या दोघींच्या मध्ये कोणीच बसलं नव्हतं.

लोक मले विचारतात, काय मिळालं? नोकरी गेली, सासू गेली, पोरीची शाळा गेली. महाराजाचं काय वाकडं झालं? काहीच नाही. गर्दी वाढली. नेताजी मोठ्या गाडीत फिरतात. नळाला अजूनही पाणी येते कधी, नाही कधी. मले हे सगळं दिसते. मी आंधळी नाही.

पण मले एक गोष्ट आठवते. आठ दिवसांची. घरातलं एक माणूस पिवळं पडत होतं अन् मी शहाणी बाई, शिकलेली बाई, म्हातारीचं मन राखत होती. मले वाटत होतं मी चांगली सून आहे. मी गप्प होती, बस्स. चांगुलपणाचं नाव घेऊन गप्प होती. महाराज म्हणाला, तुझ्या विज्ञानानं नवरा खाल्ला. उलटं आहे. माझ्या भिडेनं खाल्ला. देशातही मले हेच दिसते. लबाड माणसं फार थोडी आहेत. माझ्यासारख्या भिडस्तांची गर्दी मोठी आहे. त्या गर्दीला सगळं कळते, अन् ती दुसऱ्यांच्या भावनांचा विचार करत बसते.

मागच्या तारखेला वकील साहेबांनी मले कोर्टाच्या बाहेर चहाच्या टपरीवर बसवलं. भला माणूस, बाबांच्या ओळखीतला. म्हणाले, "ताई, समोरचे तयार आहेत. एका ओळीचा माफीनामा द्या, ते केस मागे घेतात. तुम्हाला दुसऱ्या शाळेत नोकरी लागेल. केस असली तर कोणी घेत नाही. पोरीचा विचार करा." त्यांनी कागद टाइप करून आणला होता. "मेरे शब्दों से यदि किसी की भावना को ठेस पहुँची हो तो मुझे खेद है." सहीसाठी खाली रेघ.

मी तो दोनदा वाचला. कागद दुमडून त्यांच्या फायलीत परत ठेवला.

"पुढची तारीख घ्या," मी म्हटलं.

"वर्षं लागतील, ताई."

"लागू द्या. साक्षीदारांच्या यादीत त्या सेवादारणीचं नाव टाका. अन् तिची वही मागवा. कोर्टाकडून."

"वही ते देणार नाहीत."

"मंग ते नाही म्हणाले, तेच लिहून घ्या. मले खेद नाही. आरोपी म्हणून माह्यं नाव हाय ना, राहू द्या. पूर्ण नाव लिहा, बापाच्या नावासकट. प्रत्येक तारखेला मी येणार."